मुलगा सुटला, याचिका मात्र जिवंत राहिली

"मॅडम, पोरगं पोलीस ठाण्यातच आहे, पण साहेब म्हणतात आम्ही आणलंच नाही," एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. मुलाला घरून उचलून दोन रात्री उलटल्या होत्या. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. संविधानाचा अनुच्छेद 22 तसं सांगतो. इथे अटकेची नोंदच नव्हती, मग जामीन मागायचा कशात? उरली ती उच्च न्यायालयातली अनुच्छेद 226 खालची बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी, आमच्या बोलण्यातली हेबिअस कॉर्पस. कोठडीतला माणूस वकीलपत्रावर सही कशी करणार? म्हणून ही याचिका आई, भाऊ, मित्र कुणीही करू शकतो. आईच्या नावानं रातोरात मसुदा तयार केला.

सकाळी खंडपीठापुढे मेन्शन करताना, म्हणजे तातडीची सुनावणी मागताना, मी "हेबिअस आहे" एवढंच म्हणाले. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची प्रकरणांची यादी, भरलेला होता, तरी न्यायमूर्तींनी कागद तिथल्या तिथे मागून घेतले. 'प्रायमा फेसी', 'एक्स पार्टे', 'रेस ज्युडिकाटा' हे दिवसभर आमच्या तोंडी असतं. चालू बोर्ड थांबवण्याची ताकद मी या एकाच लॅटिन शब्दात पाहिली आहे. शब्दशः अर्थ 'देह हजर असावा', आणि आदेशही तसाच निघाला: दुपारी अडीचला मुलगा कोर्टात हवा.

अडीचला मुलगा आला. "चौकशीला बोलावलं होतं, सकाळीच सोडलं," असं सरकारी वकिलांनी सांगितलं. न्यायमूर्तींनी आम्हा दोघांनाही थांबवून थेट मुलालाच विचारलं, "तू कुठे होतास?" त्यानं खोली, दिवस, सगळं सांगितलं.

मग अपेक्षित युक्तिवाद आला: मुलगा मोकळा आहे, याचिका निष्फळ झाली. अशा कितीतरी याचिका याच वाक्यावर निकाली निघतात आणि आधीच्या रात्रींचा जाब कुणी विचारत नाही. मला ते सहन होत नाही. मी रुदुल शाहचा निवाडा पुढे केला. 1968 मध्ये निर्दोष ठरलेला हा माणूस बिहारच्या तुरुंगात आणखी 14 वर्षं होता. हेबिअस दाखल झाल्यावर त्याला सोडलं, तरीही सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये त्याच याचिकेत त्याला भरपाई दिली.

खंडपीठानं याचिका निकाली काढली नाही. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण आणि स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, जपून ठेवण्याचा आदेश झाला, आणि भरपाईच्या मुद्द्यावर पुढची तारीख पडली.