हायडेलबर्गच्या ग्रंथालयात सुप्याचे दंगे

जर्मनीत फेब्रुवारीत तासिका संपतात आणि घरच्यांना वाटतं, पोरीला सुट्टी लागली. पण इथे खरा अभ्यास तेव्हाच सुरू होतो, कारण हा 'हाउसआर्बाइट' लिहायचा मोसम असतो. सेमिस्टरभर सेमिनारमध्ये ज्याची चर्चा झाली, त्यातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर पंधरा-वीस पानांचा निबंध बहुधा मार्चअखेरपर्यंत द्यायचा. अपेक्षित प्रश्नसंच नाही, गाईड नाही. विषय आपणच शोधायचा आणि प्राध्यापकांनी भेटीसाठी राखून ठेवलेल्या तासाला जाऊन तो मंजूर करून घ्यायचा.

मी १८७५ चे दख्खनचे दंगे घेतले. माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं, आणि दंग्यांची ठिणगी पडली ती त्याच तालुक्यातल्या करडे गावात. शाळेच्या पुस्तकात यावर जेमतेम चार ओळी होत्या. अमेरिकेत यादवी झाली, इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस लागला, भाव चढले, यादवी संपल्यावर कोसळले, शेतकरी कर्जात बुडाला आणि सावकारांवर चालून गेला. वाचताना पटतं. पण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि भीमथडी तालुक्यांचा हा पट्टा बाजरी-ज्वारीचा, कमी पावसाचा. कापूस पडला म्हणून बाजरीचा शेतकरी का पेटला? हा प्रश्न मी प्राध्यापक बाईंपुढे ठेवला. त्यांनी उत्तर दिलं नाही. आधी कोणकोण यावर बोललंय आणि त्यांचं आपसात कुठे पटत नाही, तेवढंच चार पानांत लिहून आणायला सांगितलं.

ही चार पानं म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांनीच. आपल्याकडे आढावा म्हणजे अमक्यानं असं म्हटलं, तमक्यानं तसं म्हटलं, अशी परिच्छेदांची रांग. इथे तसा आढावा कुणी वाचतसुद्धा नाही. इथे आढाव्यातून वाद दिसावा लागतो.

आणि वाद आहेच. इतिहासकार रवींदर कुमार यांनी १९६८ च्या पुस्तकात या दंग्यांना फार मोठं स्थान दिलं. इंग्रजांची रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यायची पद्धत, आणि नवी न्यायालयं यांनी गावातला कुणबी आणि वाणी यांच्यातला तोल बिघडवला, असं त्यांचं म्हणणं. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, नील चार्ल्सवर्थ यांनी एका लेखाच्या शीर्षकातच या दंग्यांना 'मिथक' म्हटलं. त्यांच्या मते प्रकरण पुणे-नगरकडच्या थोड्या गावांपुरतं होतं, इतिहासकारांनीच ते फुगवलं. या दोघांच्या मधल्या काळात, १९७० मध्ये, कॅटनक यांचं ग्रामीण पतपुरवठ्यावरचं पुस्तक आलं. ते दंग्यांपासून निघून सहकारी पतपेढ्यांपर्यंत पोचतं. १९८५ मध्ये सुमित गुहा यांनी १८१८ ते १९४१ असा लांब पल्ला घेऊन दख्खनची शेतीच तपासली. त्या पल्ल्यात १८७५ हे अनेक वर्षांपैकी एक वर्ष होतं.

ही माणसं एकमेकांना खोडून काढत असली, तरी प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. दंगे का झाले, हा एक प्रश्न. दंग्यांनी काही बदललं का, हा दुसरा. ते एकत्र केले की भांडण मोठं वाटतं. वेगळे काढले की लक्षात येतं, कुमार पहिल्याला जास्त बांधलेले आहेत आणि चार्ल्सवर्थ दुसऱ्याला. हे एका संध्याकाळी कागदावर दोन रकाने आखून सगळी टिपणं त्यात टाकली तेव्हा मला दिसलं. त्या चार पानांतलं माझं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ते हेच.

मग कळीचा मुद्दा हाती आला तो कापसात नाही, कर्जाच्या कागदात. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखत तीन वर्षंच ग्राह्य धरलं जाई. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा. पण सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नसे. म्हणून १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्यात जमाव चालून आला, तेव्हा त्यांनी चोपड्या आणि खतं मागितली. ती मिळाली तिथे बहुतेक ठिकाणी माणसांना हात लागला नाही, कागद मात्र जाळले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासायचा अधिकार दिला. ज्या कागदांवर लोकांचा राग होता, त्याच कागदांवर कायदा बोट ठेवतो. 'मिथक' या शब्दाला माझा विरोध आहे तो यामुळे, आणि तो मी तळटिपेत न लपवता मजकुरात लिहिला.

वाचन बहुतेक सगळं हायडेलबर्गमधल्या फॉसश्ट्रास या रस्त्यावरच्या ग्रंथालयात झालं. इथली दक्षिण आशिया संस्था १९६२ ची. २०१९ मध्ये ती आशियाविषयक इतर विभागांबरोबर एकाच आवारात आली. दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला, आणि त्याच्या परिशिष्टांत शेतकऱ्यांच्या अन् सावकारांच्या जबान्या आहेत. मराठी पुस्तकंही इथे भरपूर. फक्त कॅटलॉगमध्ये ती रोमन लिपीत, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबं देऊन नोंदलेली असतात. 'शेतकरी' शोधायचा तर 'श' कुठला, हे आधी ठरवावं लागतं. इथे नसलेलं पुस्तक दुसऱ्या जर्मन विद्यापीठाकडून दीड युरोत मागवता येतं. पुण्यात शिकताना एकेका पुस्तकासाठी तीन-तीन ग्रंथालयं पालथी घातलेल्या मुलीला याचं मोल विचारा.

याच निमित्तानं एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. इथल्या आढाव्यात मराठी लेखन इंग्रजी लेखनाइतक्याच वजनानं घेता येतं. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, म्हणजे दंग्यांनंतर काही वर्षांतच लिहिलेला. सावकार, कोर्टातले कारकून आणि सरकारी खातं यांना तो एका ओळीत उभं करतो. तो 'साधन' म्हणजे त्या काळचा पुरावा म्हणून वापरावा की कुमार-चार्ल्सवर्थ यांच्याआधीचा 'अभ्यासक' म्हणून, यावर बाईंशी बराच वेळ बोलणं झालं. मी त्यांना अभ्यासकांत धरलं, आणि आढाव्याची सुरुवात १९६८ ऐवजी फुल्यांपासून केली. बाईंनी एवढंच विचारलं, की मग रानडे आणि सार्वजनिक सभा कुठे? ते दोघेही आत आले आणि चार पानांची सहा झाली.

हाउसआर्बाइटच्या शेवटच्या पानावर, हे काम माझं स्वतःचं आहे आणि घेतलेलं प्रत्येक वाक्य कुठून घेतलं ते मी दाखवलं आहे, असं निवेदन असतं. त्याखाली तारीख घालून सही करायची. निबंध दिला आहे. पुढच्या सेमिस्टरला मला त्या जबान्यांवरच लिहायचंय. सुप्याच्या बाजारात त्या दिवशी कोण कोणाच्या दुकानापुढे उभं होतं, इथून सुरुवात करणार आहे.