धूळ पाहायला अटाकामात

उत्तर चिलीत, अटाकामाच्या वाळवंटात जाण्यामागे माझं एकच कारण होतं: आल्मा. चाखनंतोरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 5000 मीटर उंचीवर, 66 अँटेना मिळून ही एक दुर्बीण होते. ती खास आहे ती अवकाशातल्या थंड धुळीसाठी. विश्वाच्या बालपणाबद्दल गेल्या दहाएक वर्षांत जे नवं कळलं, त्यात या धुळीचा वाटा फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. तो शोध जिथून चालतो ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती.

मुक्काम सान पेद्रो दे अटाकामाला होता. पहिल्याच रात्री गावाचे दिवे मागे टाकून अंधारात जाऊन उभी राहिले. त्रिशंकू उंचावर, शेजारी मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे, आणि त्यांच्यातून गेलेला आकाशगंगेचा पट्टा. तो पट्टा इतका उजळ होता की त्यातले काळे डागच आधी नजरेत भरत होते. अँडीजमधल्या लोकांनी या काळ्या आकारांचीच नक्षत्रं केली आहेत. त्यांच्या आकाशात एक लामा आकाशगंगेतून चालत जातो, आणि मित्र-मित्रक हे त्या लामाचे डोळे. एकदा कुणी दाखवला की मग तो लामा नजरेतून सुटत नाही. लांब मान, पाठ, खाली पिल्लू, सगळं धुळीचं.

त्या अंधाराला भोकं समजणारे मोठमोठे निरीक्षक होऊन गेले. ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश अडवणारं काहीतरी सर्वत्र पसरलेलं आहे, याचा भक्कम पुरावा रॉबर्ट ट्रंपलरने तारकागुच्छांवरून दिला तो 1930 साली.

हे कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, म्हणजे धुरातल्या कणांच्या मापाचे असतात. काही सिलिकेटचे, काही कार्बनचे. आकाशगंगेत ताऱ्यांच्या दरम्यान जे द्रव्य आहे त्यात धूळ वजनाने जेमतेम एक टक्का. पण विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटातून निघाले ते हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरता लिथियम. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह हे सगळं पुढे ताऱ्यांनी घडवलं. त्यामुळे जिथे धूळ दिसते तिथे ताऱ्यांची निदान एक पिढी आधीच जगून संपलेली असते. या विषयात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. दूरचा प्रकाश पोचायला फार काळ लागतो, म्हणून तो जुनं विश्व दाखवतो; दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या तारकांच्या विश्वात, धूळ सापडली की तिथला पहिला तारा कधी पेटला असेल, याचा हिशेब मांडायला सुरुवात करता येते.

आल्माची भेट शनिवार-रविवारी सकाळी असते आणि नाव आधी नोंदवावं लागतं. बस 2900 मीटरवरच्या तळापर्यंत जाते. वरच्या पठारावर पर्यटकांना नेत नाहीत, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. मन थोडं खट्टू झालं, पण तळावर दुरुस्तीसाठी उतरवलेला एक अँटेना उभा होता आणि त्याच्या अगदी जवळ जाता आलं. बारा मीटर व्यासाची पांढरी तबकडी, वजन शंभर टनांच्या घरात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाची अचूकता मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी राखलेली असते. हे धूड पठारावर चढवायला 28 चाकांची दोन वाहनं आहेत, ओट्टो आणि लोरे. मी लोरेच्या एका चाकाशेजारी उभी राहून वर बघत राहिले.

इतक्या उंचीवर का? आल्मा ज्या मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या लहरी टिपते त्या हवेतली वाफ शोषून घेते, आणि या वाळवंटाच्या माथ्यावर वाफ नावालाच उरते. अँटेनातले लहरी टिपणारे ग्राहक (रिसीव्हर) उणे 269 अंशांपर्यंत थंड करून ठेवतात, कारण ज्या धुळीचा माग काढायचा तीच मुळात थंडगार असते. धूळ ताऱ्यांचा निळा आणि अतिनील प्रकाश शोषते, त्याने जराशी ऊबदार होते आणि ती ऊर्जा दूर-अवरक्त किरणांतून परत देते. ऊबदार म्हणजे उणे अडीचशे ते सव्वादोनशे अंश!

नियंत्रण कक्षासमोर थांबलो असताना आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक बाईंनी जे समजावलं, त्यासाठी एवढा प्रवास केल्याचं सार्थक झालं. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश इथे येईपर्यंत ताणला जातो. धुळीची चमक सर्वाधिक असते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या तरंगलांबीच्या आसपास. दीर्घिका जितकी दूर, तितकी ही चमक ताणली जाऊन आल्माच्या पट्ट्याकडे सरकते. अंतरामुळे जेवढा प्रकाश घटतो, जवळजवळ तेवढाच या सरकण्याने भरून निघतो. त्यामुळे एका टप्प्यानंतर धुळीने भरलेली दीर्घिका आणखी दूर असली तरी फारशी मंद दिसत नाही. निसर्गाने दुर्बिणीला इतकं झुकतं माप दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

याच जोरावर 2017 साली ए2744_वायडी4 ही दीर्घिका हाती लागली. समोरच्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं म्हणून ती दिसली. महास्फोटानंतर 60 कोटी वर्षांनीच तिच्यात सुमारे 60 लाख सूर्यांच्या वजनाची धूळ होती. एवढी धूळ जमायला 20 कोटी वर्षं तरी लागली असणार. म्हणजे तिथे तारे घडत होते ते विश्व 40 कोटी वर्षांचं असल्यापासून.

मग ती धूळ केली कुणी? आपल्या आकाशगंगेत सूर्यासारखे तारे म्हातारपणी फुगतात आणि त्यांच्या गार होत जाणाऱ्या वाऱ्यात धूळ धरते. पण त्या अवस्थेला पोचायला त्यांना फार काळ लागतो, आणि त्या बाळ-विश्वाकडे तेवढा वेळ नव्हता. संशय जातो सुपरनोव्हांवर, म्हणजे भारी ताऱ्यांच्या मरतानाच्या स्फोटांवर. साक्षीदार सान पेद्रोच्या आकाशातच आहे: मोठा मॅजेलनिक मेघ, म्हणजे आपल्या शेजारची एक छोटी दीर्घिका. तो रात्री उशिरा नैऋत्येला क्षितिजाजवळ दिसला होता. तिथे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवर झालेला ताऱ्याचा स्फोट 1987 च्या फेब्रुवारीत चिलीतल्याच लास कांपानास वेधशाळेतून टिपला गेला. 2011 मध्ये हर्शेल दुर्बिणीला त्या अवशेषात जवळपास अर्ध्या सूर्याच्या वजनाची धूळ आढळली. ती स्फोटातून उडालेल्या द्रव्यातच नव्याने घडली आहे, हे 2014 मध्ये आल्माने दाखवलं. स्फोटाची लाट भोवतालच्या वायूवर आदळून उलट फिरते; त्या धक्कालाटेतून यातली किती धूळ वाचेल, यावर मात्र सगळा हिशेब अवलंबून आहे.

2023 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने आणखी भर घातली. महास्फोटानंतर 100 कोटी वर्षंही उलटली नव्हती, अशा काळातल्या एका दीर्घिकेत कार्बनयुक्त कणांची खूण सापडली. हीच खूण आपल्या आकाशगंगेतही दिसते. इतक्या लवकर कार्बनची धूळ म्हणजे ती करणारे तारे अल्पायुषी आणि भारी असले पाहिजेत. माझाही कौल त्यांनाच आहे.

आता लक्ष आहे ते त्याही मागे. जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका आपल्याला दिसते ती महास्फोटानंतर जेमतेम 30 कोटी वर्षांनी होती तशी. 2025 मध्ये आल्माला तिच्यात ऑक्सिजन सापडला, म्हणजे तिथेही तारे मरून गेलेले आहेत. धुळीची चमक मात्र मिळाली नाही. धूळ अजून घडायची होती, की ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाने बाहेर लोटली, यावर वाद चालू आहे. तो मिटायला अशा आणखी दीर्घिकांवर आल्मा तासन्‌तास रोखून धरावी लागेल.