सत्तावन्न

सकाळी पार्काला फेरी मारून निघालो, तर गेटपाशी वजनकाटा घेऊन बसणाऱ्या आजोबांसमोर मनू अडली. ती चढली, उतरली, आणि मग "मावशी, आता तू." गेली सात वर्षं मी काट्यावर पाय ठेवलेला नाही. दवाखान्यातसुद्धा अंदाजपंचे सांगते. पण तिने माझेही पैसे देऊन टाकले होते. चपला काढल्या, किल्ल्या मनूच्या हातात दिल्या (जित्याची खोड), श्वास सोडला आणि चढले.

"सत्तावन्न," आजोबा म्हणाले. "बरोब्बर."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

तायक्वांदोत मी त्रेपन्न किलोची. जागतिक स्पर्धेत बायकांचे आठ वजनगट, ऑलिंपिकमध्ये चारच: ४९, ५७, ६७ आणि त्यावरचा. म्हणजे ऑलिंपिकची गाडी फास्ट. दादरला थांबते, कुर्ल्याला थांबते, आणि आम्ही सायनच्या फलाटावर उभे. सर म्हणायचे, खाली उतर नाहीतर वर चढ. खाली उतरून पाहिलं. मे महिन्यात रेनकोट घालून जिने चढले, चूळ भरायची आणि थुंकायची, घोट गिळायचा नाही. ५०.४ वर काटा जो अडला तो अडलाच. कोरियात वजनाच्या आदल्या रात्री आईच्या शंकरपाळ्यांची पिशवी उघडून नुसता वास घेतला होता, आणि परत गाठ मारली होती.

वर चढले, तर तिथल्या पोरी नुसत्या उंच. माझा पाय त्यांच्या होगूपर्यंत, म्हणजे छातीवरच्या चिलखतापर्यंत, पोचेस्तोवर त्यांचा माझ्या कानशिलावर. अंगावर दोन गुण, डोक्यावर तीन. हिशोब जमणार कसा?

गुडघा, बाबांचा पीएफ, ते सगळं आज नको.

२०२१ मध्ये टोकियोत थायलंडच्या पानिपाकने ४९ किलोचं सुवर्ण शेवटच्या काही सेकंदांत ११-१० ने ओढून नेलं, तेव्हा घरात सगळे ओरडले. मी तिच्या लाथेकडे बघतच नव्हते. मनगटं बघत होते. हिने किती दिवस पाणी तोडलं असेल?

राग हरल्याचा नाही. हरले ते समोरच्या पोरी चांगल्या होत्या म्हणून. राग चार किलोंचा आहे. तेव्हा अंडी, केळी, सत्तू, काय काय खाऊन जे अंगाला लागलं नाही, ते आता कुणी न सांगता येऊन बसलंय. तेही बरोब्बर, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही!

"सत्तावन्न म्हणजे जास्त का गं?" मनूने विचारलं.

"ऑलिंपिकचं वजन आहे."

ती माझ्या पोटाकडे बघून खो-खो हसली. मग मलाही आवरेना.

नाक्यावर वडे तळत होते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेतलं तर पाच टक्के सूट असते, म्हणजे मला दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम, असं मनूला समजावून सांगितलं. तिने तोवर चार वडापाव सांगितले होते.