सातव्या मजल्यावरून उतारा टाकायचा कुठे?

श्रावणातल्या एका शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. लिफ्टच्या कोपऱ्यात कुंकू लावलेलं अर्धं लिंबू, बाजूला सांडलेले काळे उडीद. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "हे कोणी केलं?" मग दिवसभर कुणी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. वॉचमन म्हणाला, "मी नाई उचलत, माह्या घरी लेकरं हाय." सेक्रेटरींनी कॅमेरा तपासायची धमकी दिली.

कॅमेरा बघायची गरज नव्हती. लिंबू आमचंच होतं.

नातवाचा ताप उतरत नव्हता. डॉक्टरकडे नेलं, औषध सुरू केलं, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्याच्यावरून लिंबू-उडीद उतरवून कागदात बांधले. उतारा तीन रस्ते मिळतात तिथे टाकायचा, येताना मागे बघायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. त्यांचे गुडघे दुखतात. लिफ्ट पाचव्यावर थांबली, शेजारचे काका आत आले, "काय आई, कुठं निघाल्या?" बोलायचं नसल्यामुळे आई गप्प. त्या गडबडीत पुडी सुटली. अर्धं खाली पडलं, अर्धं घेऊन त्या तशाच आमच्या बेशाच्या, नागपूरच्या कडेच्या वस्तीच्या, चौकापर्यंत चालत गेल्या.

मला राग आला तो लिंबाचा नाही. काका दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाला सांगत होते, "पाय नको ठेवू, कोणाचं तरी दुखणं आपल्याले लागंन." माझ्या डोक्यात तेच अडकलं. आपल्या घरातलं काढायचं आणि चौकात ठेवायचं, म्हणजे ते पुढच्या चालणाऱ्याकडे जाणार. जगनाथ बुधवारी या जुन्या मोहल्ल्यातल्या आमच्या माहेरच्या वाड्यात हा प्रश्न कधी पडला नाही. मागे परसू होतं, चूल होती, सगळं चुलीतच जायचं. जळलं की संपलं.

दृष्ट म्हणजे तरी काय, मीठ, मोहरी, वाळलेल्या मिरच्या, मुठीत घेऊन सात वेळा उतरवायच्या. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, कुत्र्यामांजराची..." आजी हे इतकं भरभर म्हणायची की शेवटी फक्त "ची ची ची" ऐकू यायचं. मग निखाऱ्यावर टाकायचं. तडतडलं की नजर होती. मिरचीचा ठसका लागला नाही तर फारच जबर होती. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा गॅसवर तवा ठेवून मीच हे केलं, तर मीठ नुसतं पसरलं. सासूबाई जवळ आल्या, तव्यात बघितलं.

"कोणतं मीठ घेतलं वं तुनं?"

पाकिटातलं, बारीक. "हे कसं तडतडंन? खडा मीठ पायजे."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, कारण मला ठाऊक होतं. खडा मिठाच्या स्फटिकात पाण्याचे थेंब अडकलेले असतात, तापले की वाफ होऊन खडा फोडतात. मोहरीचंही तसंच, दाण्यातला ओलावा. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाव, तेच तं. आतलं बाहेर निघते." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. नातू झाला तेव्हा त्याच्या करगोट्यात बिब्बा ओवायचा होता. विदर्भातल्या रानात बिब्ब्याची झाडं भरपूर, धोबी याच फळाच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे. पण तो रस अंगाला लागला की फोड येतात, त्याला बिब्बा उतणं म्हणतात. लहानपणी माझ्या मनगटावर उतला होता, डाग अजून आहे. मनगट पुढे केलं, विषय संपला. बिब्बा दारावर गेला, लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात. तिथे राहू दे. त्याच दारावर त्यांनी एकदा कोहळा टांगला होता. तो आतून सडला आणि शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर टपकला. "घरावरचं त्यानं घेतलं," असं म्हणत पायपुसणं मीच धुऊन दिलं.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीने विचारलं, हे सगळं कायद्यात बसतं का? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथे, आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यात आहे ते मारहाण, लुबाडणूक, साप चावलेल्याला दवाखान्यात न्यायला अडवणं. आपल्या घरात मीठ तडतडवणं त्यात नाही. सासूबाईंना कायदा ठाऊक नाही, पण त्यांचा स्वतःचा एक आहे. नातवाच्या तापात ओळखीच्या एकीने एका महाराजांचं नाव सुचवलं, पाच हजारांत मंत्र घालून घर 'बांधून' देतात म्हणे, म्हणजे बाहेरची बाधा आत येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मिठाले का पाच हजार लागतेत बाप्पा?" ती बाई परत आली नाही.

ताप चौथ्या दिवशी उतरला. श्रेय कुणाचं, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

तर प्रश्न पुडीचा होता. पोळ्याला सासूबाई माझ्याकडून पळसाच्या दोन डहाळ्या मागवतात. रात्री दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या करायच्या, आमच्याकडे मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाडव्याला, ते गावाबाहेर नेऊन फेकायचे आणि ओरडायचं, "खासी, खोकला, माश्या, मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे मिरवत नेऊन शेवटी जाळायचा बाईचा मोठा पुतळा. आता बेशात गाव कुठे संपतं? त्याच्या पुढे घरांची आणखी एक स्कीम उभी आहे.

म्हणून या वर्षी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीला नेलं. मेढे माझ्या पायाशी आणि त्यांच्या मांडीवर एक कागदाची पुडी. आत काय ते मी विचारलं नाही. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, तऱ्हाणे तेली समाजाची, आमच्या माहेरच्याच मोहल्ल्यातून. काळी त्याहून जुनी. ती इंग्रजांना सामील झालेल्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंच्या निषेधाची, असं आजी सांगायची. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात. पुढेमागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचा. बायका लेकरांना उचलून मारबतीच्या पायाला लावतात. गर्दीत माझा एक सँडल गेला.

सासूबाईंनी मेढे आणि पुडी मारबतीच्या पायाशी टाकली. ओरडल्या नाहीत, पुटपुटल्या. हे सगळं आता जळणार होतं, पुढच्या माणसाच्या पायाखाली येणार नव्हतं. एवढं मला पुरलं.

परत निघालो. "मागं पाहू नको," त्या म्हणाल्या. म्हटलं, आई, स्कूटर आहे, आरशात दिसतंच. त्यांनी मागून हात लांब केला आणि उजवा आरसा खाली वळवला. गांधीबागेच्या सिग्नलपर्यंत त्यात मला फक्त माझा अनवाणी पाय दिसत होता.