वाढवणं सोपं, वाळवणं अवघड

लॉक्सची, म्हणजे मुद्दाम जटांसारख्या घट्ट केलेल्या केसांच्या बटांची, निगा कशी राखायची यावर जे काही वाचायला-बघायला मिळतं, त्यात शेवटी एक ओळ हमखास असते: ‘धुतल्यावर पूर्ण वाळू द्या.’ झालं, संपलं. शाम्पू कोणता घ्यावा यावर अर्धा तास बोलतील, वाळवण्यावर एक ओळ. हे सांगणारे बहुतेक कोरड्या हवेत राहत असावेत. त्यांनी एकदा जुलैत डोंबिवलीला यावं आणि गॅलरीतल्या दोरीवर एकच चादर दिवसेंदिवस लटकत असताना केस वाळवून दाखवावेत.

बाकीचं सगळं फारसा त्रास न देता झालं, म्हणून भरभर सांगते. लॉक्स घातले गोव्यात, हरमलला. आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांत नुसता पीळ देत राहिलं तरी बट धरते. ही मूळ त्यांचीच रीत, आणि बहुतेक व्हिडिओही त्यांच्याच केसांसाठी केलेले. आपल्या सरळ, निसरड्या केसांना ते लागू पडत नाहीत. उलटं विंचरून आधी मुद्दाम गुंता करायचा, मग अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने बाहेर डोकावणारे केस आत ओढून बट घट्ट करायची. मान अवघडते, टाळू दोन-चार दिवस ठणकते. सुरुवातीला लांबी चांगलीच आखडते, मग वर्षभर डोकं पिंजारलेलं दिसतं. त्यावर उपाय नाही आणि करूही नये. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतातच. रोज गळणारे पन्नास-शंभर केससुद्धा बटेतच अडकून राहतात, त्यामुळे बट हळूहळू भरत जाते. सरळ केसांचे लॉक्स पक्के व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढा धीर मला होता.

लोकांना नव्हता. आमचं मूळ गाव गडहिंग्लजकडचं. तिकडे केसांची जट झाली की ती यल्लम्माची. सौंदत्तीच्या देवीचं बोलावणं आलं असं समजायचं, विंचरायची नाही, कापायची तर मुळीच नाही. आजीने फोटो पाहून पहिलं विचारलं, “जट आली व्हय गं तुला? घरात कुणाला बोललीस?” तिच्या आवाजात भीती होती. लोकलमध्ये लेडीज डब्यात एका बाईंनी हळूच बटेला हात लावून तो कपाळाला लावला. “देवीची का, ताई?” मी म्हटलं, “नाही मावशी, हौसेची.” त्यांनी हात असा झटकला की आजूबाजूच्या हसल्या.

अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन, समजूत काढून बायकांच्या जटा कापतात. त्या बायकांच्या मानेवर ते ओझं असतं, उवा आणि खाज असते, आणि कापली तर घरावर कोप होईल ही धास्ती. त्यांना नको असताना जे वागवावं लागतं ते मी पैसे मोजून करून घेतलं. हे मला खटकत नाही असं नाही. पण मला उद्या नको झाले तर मी सरळ पार्लरमध्ये जाऊन बसेन, कुणाच्या कोपाचा प्रश्न नाही. दुसरं म्हणजे मी ते दर आठवड्याला धुते. आणि इथंच घोडं पेंड खातं.

मोकळे केस वाळतात, कारण एकेका केसाला हवा लागते. पक्की बट म्हणजे ओली गोधडी: वरून हात लावावा तर कोरडी, आत पाणी तसंच. त्यात गंमत अशी, की लॉक्स जितके छान धरतील तितकी बट घट्ट होते आणि वाळायला तितकाच जास्त वेळ घेते. नोव्हेंबर ते मे काही वाटत नाही. सकाळी धुवावं, गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसावं, संध्याकाळपर्यंत काम झालं. मुंबईत पाऊस येतो ११ जूनच्या आसपास आणि जायला ऑक्टोबर उजाडतो. एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पडतो. दमटपणा ८० टक्क्यांच्या खाली येत नाही असे दिवसच्या दिवस जातात. हवा स्वतःच भिजलेली, ती केसांतलं पाणी घेणार कुठे?

मग येतो वास. घाणीचा नव्हे, कुबट वास, स्वच्छ धुतलेल्या केसांचाच. हे कुणाला पटवून देता येत नाही, हा त्यातला खरा जाच. ऑफिसात शेजारची नाक उडवत म्हणाली, “कुणीतरी ओली छत्री आत आणलीय वाटतं.” माझी छत्री बाहेर स्टँडलाच होती. मी मुकाट्याने खुर्ची खिडकीकडे सरकवली. परफ्यूम मारून काही होत नाही, कुबट गुलाब तयार होतो. आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ओल आत मुरत राहिली तर बटेच्या गाभ्यात बुरशी धरते आणि ती काही केल्या निघाली नाही तर बट कापायची वेळ येते. दीड वर्ष वाढवलेली बट.

हेअर ड्रायर गरम लावला तर गाभ्यापर्यंत ऊब पोहोचायच्या आधी टाळू भाजते. पंख्याखाली बसलं तर तीच दमट हवा गरगर फिरते. आजीने (तोवर तिची भीती निवळली होती) बाळंतिणीला देतात तशी धुरी घ्यायला सांगितली, शेगडीत निखारे, वर ओवा आणि शेपा. वास झकास आला. केस वाळले नाहीत, आणि ओव्याचा धूर पुढच्या धुण्यापर्यंत डोक्यात राहिला.

सगळ्यात राग आहे तो जवळच्या एका पार्लरवर. तिथं डोक्यावर टोपीसारखा येणारा मोठा ड्रायर होता म्हणून नुसतं वाळवून घ्यायला गेले. तिथल्या मुलीने न विचारता बटांना मेणाचं वॅक्स चोळलं, “सेट राहतील मॅडम” म्हणून. मधमाशांचं मेण वितळतं साठ अंशांच्या वर. तेवढं गरम पाणी कुणाच्या डोक्याला सोसणार? शाम्पूने ते हलत नाही, धूळ आणि कपड्यांचे तंतू धरून ठेवतं, आणि आतली ओल आतच कोंडतं. वर त्याचे वेगळे पैसे लावले. मी वाद घातला, पैसे परत मिळाले नाहीत. कुणी मेण, जेल, सीरम असलं काही घेऊन जवळ आलं तर खुर्चीतून उठा, एवढंच सांगते.

शेवटी उत्तर घरातच निघालं, एसीच्या रिमोटवर. पाण्याच्या थेंबाचं चित्र असलेलं बटण, ड्राय मोड. तो हवेतली ओल ओढून नळीवाटे बाहेर टाकतो. खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, ड्राय मोड लावायचा, जमिनीवर टेबल फॅन ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसायचं, आणि मधून मधून बटा सुट्या करत राहायच्या. पहिल्यांदा गाभ्यापर्यंत कोरडे झाले तेव्हा मी घरभर सगळ्यांना डोक्याचा वास घ्यायला लावला. आईने घेतला नाही. “तेल लाव, तेल, किती रुक्ष झालेत,” एवढंच म्हणाली.

तेल लावू नका. खोबरेल आत साचतं आणि खवट होतं. फार तर टाळूला दोन थेंब. कंडिशनरही नको, त्याने गुंता सुटतो आणि आपल्याला तर गुंताच हवाय. शाम्पू पाण्यात पातळ करून बाटलीने टाळूवर सोडायचा. रिठ्याचं गाळलेलं पाणी उत्तम, शिकेकाईची पूड मात्र नको, तिचा भुगा बटेत बसतो तो बसतोच.

पावसाळ्यात धुवायचं ते सुटीच्या दिवशी, सकाळी, चहाच्या आधी. रात्री कधीच नाही. टर्किश टॉवेलचे तंतू अडकतात, साधा सुती पंचा घ्यायचा आणि मुळापासून टोकाकडे एकेक बट पिळत यायचं. पंचा बदलून पुन्हा. निम्मं काम इथंच होतं. वाळली की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून बटेचा सर्वांत जाड भाग गालाला लावून बघायचा. गार लागला तर आत पाणी आहे, अंबाडा बांधायचा नाही, हेल्मेट घालायचं नाही, झोपायचं तर नाहीच.

जे अजून घालायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी एक, आत्ता आठवलं म्हणून: कोकणपट्टीत राहत असाल तर बटा पेन्सिलीएवढ्या बारीक घ्या. फोटोत जाड छान दिसतात, पण बारीक बट निम्म्या वेळात वाळते. मुळं घट्ट करायला सहा-आठ आठवड्यांनी बसावं, त्याहून घाई केली तर केस मुळाशी विरळ होत जातात. बाहेर पडताना छत्रीच्या जोडीला शॉवर कॅप घालते मी, तीसुद्धा केस कोरडे असतील तरच. लोक बघतात. ते तसेही बघतच असतात.

आणि एसीचं सर्व्हिसिंग मे महिन्यातच उरकून घ्या. ड्राय मोडमध्ये पाणी भरपूर निघतं, नळी तुंबलेली असेल तर ते सगळं पलंगावर गळतं. आणि जुलैत मेकॅनिकला फोन केला की तो “उद्या सकाळी येतो” म्हणतो, फक्त कुठल्या उद्या ते सांगत नाही.