डबे बदलले

घरून ऑर्डरी घ्यायला लागून मला सहा वर्षं झाली, आणि संक्रांतीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे हाताला गूळ, गॅसला गूळ, फ्रिजच्या हँडललासुद्धा गूळ. त्या वर्षी १२ जानेवारीला दोन मोठ्या ऑर्डरी होत्या, हळदीकुंकवाच्या वाणासाठी ४ किलो शेंगदाण्याची चिक्की आणि दुसरीकडे ३ किलो तिळाचे लाडू. आदल्या रात्री दोन्ही गूळ चिरून ठेवले, चिक्कीचा वेगळा, लाडवाचा साधा वेगळा. ठेवले कशात तर सेम टू सेम स्टीलच्या डब्यांत. लेबल कशाला, बघून कळतं की आपल्याला (हो ना, फार कळतं).

सकाळी दाणे मंद आचेवर भाजले, चोळून सालं पाखडली. १ किलो दाण्याला १ किलो गूळ असा माझा हिशोब. पाक हलवतेय, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकतेय, तर त्याची आपली मऊ गोळी होतेय. चिक्कीला तो थेंब ताटलीत टाकला की टण्ण वाजला पाहिजे आणि दाताखाली कट्कन मोडला पाहिजे, चिकटला तर अजून वेळ आहे. मी थांबतेय थांबतेय, पाक काळपट व्हायला लागला तशी घाबरून चिमूटभर सोडा टाकला, दाणे ओतले, तूप लावलेल्या ओट्यावर पटापट लाटलं आणि गरम आहे तोवर सुरी फिरवली. गार झाल्यावर तुकडा उचलला तर तो चक्क वाकला. मोडलाच नाही!! दुसरा घाणा पण तसाच. मग मी तासभर दुकानदाराच्या नावाने खडे फोडले, गुळात भेसळ आहे म्हणून.

तिकडे सासूबाई आणि जाऊबाई लाडू वळत होत्या. आई म्हणाल्या पण, "अगं आज पाक फारच लवकर धरतोय, हात भाजून निघाले." मी मान वर न करता म्हटलं, थंडी आहे ना आई. दुपारी लाडू पोचवले.

चारला फोन. "काकू, हे लाडू खायचे कसे? बाबांनी एक तोंडात टाकला, कवळी बाहेर आली आणि लाडू तस्साच." मग माझी ट्यूब पेटली. साध्या गुळाची चिक्की मऊ राहते ते एकवेळ चालेल, पण चिक्कीच्या गुळाचे लाडू म्हणजे गोट्याच की! एक मी स्वतः खलबत्त्यात घालून फोडून बघितला.

रात्री दीडपर्यंत सगळं नव्याने केलं. वाकणारी चिक्की मिक्सरमधून काढून तुपाचा हात लावून घरच्यासाठी लाडू वळले, ते मस्त झाले. दगडी लाडू परत आणून कढईत मंद आचेवर वितळवून पातळ लाटले, तिळाची चिक्की झाली, एक घाणा जरा कडवट लागला कारण तीळ दुसऱ्यांदा भाजले जातात ना. पैसे अर्थातच गेले.

बदली लाडू द्यायला गेले तेव्हा त्यांनी जुने मोजून परत दिले, एक सोडून. तो बाबांनी दिलाच नाही. कवळी वाटीत काढून ठेवलेली आणि लाडू गालात, बोलता येत नव्हतं म्हणून हातानेच नको नको करत होते.