ड्राइव्ह घ्यायला गेलो आणि...

आज अर्धा दिवस इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेला. काम एकच: माझ्याकडच्या सिनेमांच्या फोर-के ब्लू-रे डिस्क घरच्या सर्व्हरवर उतरवायला डिस्क वाचणारा ड्राइव्ह हवा होता. दुकानदार म्हणाला, "भिया, ब्लू-रे लिखा है ना, सब चलेगा!"

नाही ना चालत, तिथेच तर गोम आहे. साधी ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची. फोर-केवाली बहुधा ६६ किंवा १०० जीबीची, आणि १००वालीत तीन थर. खोक्यावर बीडीएक्सएल दिसलं म्हणजे तीन थर वाचेल, इतकंच. सिनेमाच्या डिस्कवरचं, कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप निराळं, आणि त्यापुढे ड्राइव्ह कसा वागेल ते त्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर. एकाच मॉडेलचे दोन नग. एक मुकाट वाचतो, दुसरा तोंड फिरवतो. हे त्याला समजावता समजावता चहा गार झाला.

बारीक यूएसबीवाला मी मुद्दामच नाही घेतला. मागच्या वर्षी घेतला होता, त्याला एका पोर्टची वीज पुरायची नाही. डिस्क फिरायची, टक् टक् करायची, थांबायची. सध्या त्यावर आईचा चष्मा असतो.

शेवटी डेस्कटॉपच्या आत बसणारा जाडजूड साटा जोडणीवाला घेतला, बाहेरून १२ व्होल्ट द्यायला वेगळी केस. जड आहे, पण थरथरत नाही. ब्लू-रेच्या मूळ वेगाच्या चौपट वेग धरला तरी १०० जीबीला दीड तास.

आई दोनदा डोकावून गेली. "जेवून घे रे, ते काय पळून जातंय?"

६१ टक्के झालंय.